दिव्याखाली कोण बसते?

नाशिकच्या मेन रोडवरील कापडाच्या दुकानांत एक दृश्य रोज पाहावयास मिळते. साडी पसंत होते, पदर उलगडून पाहिला जातो, भावही ठरतो. आणि मग ती साडी हातावर टाकून बाई दुकानाच्या उंबरठ्यापर्यंत येतात. रस्त्यावरच्या उन्हात रंग पुन्हा एकदा पाहतात. आत जांभळा वाटलेला रंग बाहेर निळसर निघतो, मोतिया वाटलेला पिवळट दिसतो. जुना दुकानदार याचा राग मानीत नाही. उलट तोच म्हणतो, "ताई, एकदा उजेडात बघून घ्या."

तीस वर्षे हेच वाक्य गिऱ्हाइकांना सांगणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या घरी मात्र उजेडच बघून घ्यायचा राहून गेला होता.

हे कुटुंब पूर्वी सराफ बाजाराच्या मागे, गोदावरीकाठच्या एका जुन्या वाड्यात राहत असे. वाड्यात उजेड कमीच. पण आजींची जागा ठरलेली होती. माडीवरच्या खिडकीशी त्यांचे बैठे मेज, आणि वर, डोक्यापासून हातभर अंतरावर, पत्र्याची टोपी घातलेला साठ वॅटचा पिवळा बल्ब. सकाळचे सामायिक त्या खिडकीतल्या दिवसाच्या उजेडात करीत. तेथे दिव्याचा प्रश्नच नव्हता. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपले, प्रतिक्रमण झाले, की मग त्या टोपीच्या दिव्याखाली त्यांचे वाचन चाले. चरित्रे, कथा, समाजाचे मासिक. नात मांडीला मांडी लावून बसे आणि आजी तिला वाचून दाखवीत. हा क्रम कित्येक वर्षे मोडला नव्हता.

पुढे कुटुंब गंगापूर रोडकडील नव्या फ्लॅटमध्ये राहावयास आले. मुलाने हौसेने घर सजविले. आजींच्या खोलीत कापडी छत्रीचा सुंदर टेबल लॅम्प आला. त्यात जुन्या काळच्या बल्बसारखा दिसणारा, आत सोनेरी तारा असलेला चार वॅटचा एलईडी बल्ब होता. पाहुणे त्या दिव्याचे कौतुक करीत. छतालाही लांब पांढरी पट्टी बसविली होती, म्हणजे उजेडाला काही कमी नाही अशी सर्वांची समजूत.

दोन-तीन महिन्यांतच आजींनी वाचन सोडले. प्रथम पुस्तक दूर धरून पाहिले, मग जवळ धरून पाहिले. मग चष्मा पुसून पाहिला. शेवटी पुस्तक कपाळाला लावून फळीवर ठेवले आणि म्हणाल्या, "डोळ्यांचे पुण्य संपले आता. जेवढे वाचायचे होते तेवढे वाचून झाले." नात गोष्टीसाठी आली तर तिला पाठ असलेलेच काही सांगत. कोणाला फारसे खटकले नाही. वय झाले, की डोळे जातातच, असे आपण सारेच किती सहज म्हणून टाकतो!

मुलाला मात्र चैन पडेना. त्याने टेबल लॅम्पमधला सोनेरी बल्ब काढून पंधरा वॅटचा पांढराशुभ्र बल्ब लावला. खोली लख्ख झाली. पण आजी पदर कपाळावर ओढून बसू लागल्या. छत्रीच्या खालून बल्बचा उघडा गोळा थेट डोळ्यांत येत होता. "दिवा फार चावतो रे," एवढेच त्या म्हणाल्या आणि तो बंदच ठेवू लागल्या.

अखेर सूनबाई त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे घेऊन गेल्या. तपासणी झाली. चष्म्याचा नंबर किंचित बदललेला, मोतीबिंदूची नुकतीच सुरुवात. शस्त्रक्रियेची आज घाई नाही. डॉक्टरांनी लहान अक्षरांचा कागद पुढे ठेवला आणि वरचा दिवा जवळ ओढला. आजींनी तो कागद अडखळत का होईना, पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. डॉक्टरांनी मग विचारले, "घरी वाचताना दिवा कुठे असतो?"

या प्रश्नाचे उत्तर सूनबाईंपाशी नव्हते. दिवा किती रुपयांचा, किती वॅटचा, कोणत्या दुकानातला, हे सारे ठाऊक होते. दिवा कुठे असतो आणि त्याच्याखाली कोण बसते, हा विचार कोणी केलाच नव्हता.

साठीनंतर डोळ्याची बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही आणि आतले भिंग पिवळसर होत जाते. वीस वर्षांच्या तरुणाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत जेवढा प्रकाश पोहोचतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीच्या माणसाला मिळतो. म्हणजे नातीला जेथे एक दिवा पुरतो तेथे आजीला तीन लागतात. पण याच वयात भिंगावर धूसरपणा येऊ लागतो आणि उघड्या दिव्याचा प्रकाश त्यावर विखुरतो. म्हणून झगमगाटही सोसत नाही. उजेड जास्त हवा, पण तो पानावर हवा, डोळ्यांत नको. चार वॅटच्या दिव्याने यातले पहिले साधले नाही, पंधरा वॅटच्या दिव्याने दुसरे. छतावरची पट्टी तर आजींच्या पाठीमागे होती. तिच्या उजेडात त्यांचीच सावली पुस्तकावर पडत असे.

त्या आठवड्यात सूनबाईंनी घरातील प्रत्येक बल्बचा खोका वाचावयास घेतला. व्यापारी घरात वस्तूचा माल, माप आणि मोल पाहिल्यावाचून खरेदी होत नाही. बल्ब मात्र वर्षानुवर्षे केवळ वॅट सांगून आणला जात होता. वॅट म्हणजे दिवा खाणार किती. देणार किती, ते ल्युमेन या आकड्यावरून कळते. जुना साठ वॅटचा तारेचा बल्ब सुमारे सातशे ल्युमेन उजेड देत असे. आजचा नऊ वॅटचा एलईडी आठशे ते नऊशे देतो. तारेच्या बल्बमध्ये शिरणारी बहुतेक वीज उष्णता होऊन निघून जाई, उजेड हा जणू तिचा जोडधंदा होता. म्हणून वाड्यातला साठ वॅटचा दिवा आणि फ्लॅटमधला चार वॅटचा दिवा यांची वॅटवरून तुलना करणे व्यर्थ होते. त्या सोनेरी दिव्याच्या खोक्यावर जेमतेम अडीचशे ल्युमेन लिहिलेले होते, आणि त्यातलाही बराच उजेड कापडी छत्री गिळत होती.

नऊ वॅटचा बल्ब आपल्या घरांत रुजला तो सरकारी योजनेमुळे. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने स्वस्त एलईडी दिव्यांचे वाटप सुरू केले. पुढे ते 'उजाला' या नावाने ओळखले गेले. देशभर ३६ कोटींहून अधिक दिवे या योजनेतून घरोघरी गेले. महाराष्ट्रात महावितरणच्या कार्यालयांपाशी लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. काटकसरीचा हा मोठाच धडा होता. मात्र घरातील प्रत्येक दिवा पांढराशुभ्रच असावा, ही सवयही त्याच सुमारास घट्ट झाली.

दिव्याच्या रंगाचा आकडा केल्विनमध्ये लिहितात. २७०० किंवा ३००० म्हणजे जुन्या बल्बसारखा उबदार पिवळसर. ४००० म्हणजे मधला, ना पिवळा ना निळसर. ६५०० म्हणजे भर दुपारच्या ढगाळ आकाशासारखा थंड पांढरा. आकडा वाढला, की प्रकाश अधिक निळा होतो. मुळात पांढरा एलईडी हा आतून निळाच असतो. त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या रसायनाचा थर देऊन तो पांढरा केला जातो. निळ्या एलईडीचा शोध लावणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच कारणाने. निळा सापडला नसता, तर पांढराही मिळाला नसता.

यापुढचा आकडा मुलाने दुकानात शिकलेला होता, फक्त घरी आणलेला नव्हता. त्याला सीआरआय म्हणतात. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, हे तो सांगतो. पूर्ण गुण शंभर. सूर्यप्रकाशात सारे रंग सलग असतात. स्वस्त दिव्यात काही रंग, विशेषतः लाल, अपुरे असतात. मग लाल साडी तपकिरी दिसते आणि माणसाचा चेहरा फिका. गिऱ्हाईक उंबरठ्यापर्यंत येते ते याचमुळे. घरातील बहुतेक दिव्यांना ८० गुण पुरतात. पण जेथे रंग पारखायचा तेथे ९० चा दिवा घ्यावा. एकच साडी तीन दिव्यांखाली तीन रंगांची दिसते आणि तिन्ही पाहणारे आपापल्या जागी खरे असतात; अनेकान्ताचा हा पाठ मेन रोडवर दररोज गिरविला जातो.

मग आजींच्या दिव्याचे काय केले? मोठा बल्ब आणला नाही. तोच टेबल लॅम्प काढून त्याऐवजी वळविता येणाऱ्या दांडीचा, खोल टोपीचा दिवा आणला. वाड्यातल्या पत्र्याच्या टोपीचाच तो नवा अवतार. त्यात दुधी काचेसारख्या आवरणाचा नऊ वॅटचा, ४००० केल्विनचा, ९० सीआरआयचा बल्ब बसविला. दिवा आजींच्या डाव्या खांद्याच्या बाजूने, टोपीची कड डोळ्यांच्या रेषेच्या खाली आणि पानापासून दीड फुटावर. येथे विज्ञानाचा एक साधा नियम उपयोगी पडला. अशा लहान दिव्याचे अंतर निम्मे केले, की पानावर पडणारा उजेड जवळजवळ चौपट होतो. तीन फुटांवरचा दिवा दीड फुटावर आणणे म्हणजे एकही वॅट न वाढविता चार दिव्यांचे काम करून घेणे. व्यापाऱ्याला याहून चांगला सौदा कोणता मिळणार? छतावरची पट्टीही पूर्ण बंद केली नाही. कारण एकच पान उजळ आणि भोवती गडद अंधार असला, तर डोळे लवकर थकतात. त्या पट्टीच्या जागी मंद दिवा आला.

एका दिव्याने शिकविले ते मग साऱ्या घराला लावून पाहिले.

स्वयंपाकघरात ओट्यावर उभे राहिले, की छताच्या दिव्याने आपलीच सावली समोर पडे. तेथेच धान्य निवडायचे, रवा चाळायचा, पालेभाजी उलटून पाहायची. सोंडे, जाळी, पानामागची बारीक अळी दिसली तरच वाचविता येते. दिसली नाही, तर जयणेचा सारा विचार ओठांवरच राहतो. वरच्या कपाटांच्या तळाशी ४००० केल्विनची, चांगल्या सीआरआयची पट्टी बसविल्यावर सूनबाई म्हणाल्या, "इतके दिवस मी डाळ निवडत होते, की नुसती हलवत होते?" जैन गृहिणीच्या घरात स्वयंपाकघराचा दिवा हे अहिंसेचे उपकरण आहे, हे त्या दिवशी सर्वांना पटले.

गॅलरीचा प्रश्न याच्या अगदी उलट. तेथे पाहायचे कमी आणि राखायचे जास्त. नाशिकला पहिला पाऊस पडला, की पंख फुटलेली वाळवी, चिलटे, पतंग दिव्याभोवती गर्दी करतात आणि सकाळी फरशीवर पंखांचा खच पडलेला असतो. कीटकांचे डोळे निळ्या आणि अतिनील प्रकाशाला अधिक खेचले जातात; पिवळसर प्रकाशाकडे ते कमी येतात. मुळीच येत नाहीत असे नव्हे, पण कमी येतात. म्हणून गॅलरीतला ६५०० चा दिवा काढून २७०० चा, कमी ल्युमेनचा दिवा लावला, त्याचे तोंड खाली वळविले आणि काम झाले की तो बंद करण्याचा नियम केला. चातुर्मासात तर तो क्वचितच लागतो. रात्रिभोजन टाळण्यामागे आपल्या पूर्वजांनी जे कारण सांगितले, तेच कारण या बल्बच्या निवडीमागेही आहे. डिसेंबरात सहाच्या सुमारास आणि जूनमध्ये सव्वासातच्या सुमारास नाशिकचा सूर्य मावळतो. जेवणाच्या टेबलावर भारी दिव्याची गरज या घराला नाही, ही सोय वेगळीच.

त्याच गॅलरीत पूर्वी बंद काचेच्या गोळ्यातला बल्ब दर काही महिन्यांनी जात असे आणि दोष कंपनीला दिला जाई. खरा दोष गोळ्याचा होता. एलईडी हाताला तारेच्या बल्बइतका तापलेला लागत नाही. पण त्याच्या बुडाशी वीज बदलून देणारे जे नाजूक यंत्र असते, त्याला उष्णता सोसत नाही. हवा न खेळणाऱ्या गोळ्यात ते आतल्या आत शिजते. दिवा मोकळ्या टोपीत नेला आणि बल्ब टिकू लागला.

झोपण्याच्या खोल्यांत २७०० चे दिवे आले. रात्री निळसर प्रकाश डोळ्यांत गेला, की शरीराला अजून दिवसच आहे असे वाटते आणि झोपेची तयारी लांबते, हे गेल्या पंचवीसेक वर्षांत शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. खोलीपासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेत, गुडघ्याखाली, अर्ध्या वॅटचा पिवळसर दिवा लागला. म्हाताऱ्या माणसाला रात्री उठल्यावर अंधार घातक, तसा अचानक पेटलेला लख्ख दिवाही घातक. दोन्हींत पाऊल चुकते.

खरेदीच्या वेळी आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. आपल्याकडचा नेहमीचा बल्ब दोन खुंट्यांचा, बी-२२. परदेशी घडणीच्या दिव्यांना आटे असलेला ई-२७ लागतो, आणि झुंबराला बारीक आट्यांचा ई-१४. जुना बल्ब खिशात घालून नेला, तर फेरी वाचते. उजेड कमी-जास्त करणारे बटण असेल, तर त्यासाठीच बनविलेला बल्ब घ्यावा. साधा लावला तर तो लुकलुकतो. खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक आहे की नाही, हे पाहणे तर आवश्यकच.

हिशेबाविना व्यापारी घरातील गोष्ट पूर्ण होत नाही. साठ वॅटचा बल्ब रोज पाच तास जळला, तर वर्षाला सुमारे ११० युनिट खातो. नऊ वॅटचा सुमारे १६. एका दिव्यामागे ९३ युनिटांची बचत. असे आठ दिवे असले, तर वर्षाला साडेसातशेच्या आसपास. महावितरणच्या बिलात शंभर, तीनशे, पाचशे युनिटांचे टप्पे असतात. टप्पा ओलांडला, की पुढच्या युनिटचा दर चढतो, म्हणून ही बचत महागड्या युनिटांतून होते. आणि बचत केवळ पैशांची नाही. नाशिकजवळच एकलहऱ्याचे औष्णिक केंद्र आहे. तेथे वीज कोळसा जाळूनच होते. बटण दाबताना ती भट्टी आपल्याला दिसत नाही, एवढेच. वीज सचित्त की अचित्त, यावर आचार्यांमध्ये भिन्न मते आहेत. परंतु विनाकारण दिवा जळू नये, यावर कोणाचेही दुमत नाही.

म्हणूनच घरातून काढलेले चांगले बल्ब फेकले गेले नाहीत. पंधरा वॅटचा पांढराशुभ्र बल्ब दुकानाच्या गोदामात गेला. तेथे गठ्ठ्यांवरचे आकडे वाचायला तो उत्तम ठरला. सोनेरी तारांचा बल्ब बैठकीच्या कोपऱ्यात गेला. तेथे कोणी वाचत नाही, फक्त बोलत बसते, आणि बोलायला तेवढा उजेड पुरतो. माळ्यावर जुन्या सीएफएल सापडल्या. त्यांत पारा असतो, म्हणून त्या कचऱ्यात न टाकता, न फोडता, ई-कचरा घेणाऱ्याकडे दिल्या. वाईट बल्ब त्या घरात जवळजवळ नव्हतेच. चुकीच्या जागी बसलेले मात्र पुष्कळ होते. माणसांचेही बहुधा असेच असते.

भगवान महावीरांचे पावापुरी येथे निर्वाण झाले, तेव्हा ज्ञानाचा प्रकाश गेला म्हणून राजांनी दीप लावले, अशी आपली परंपरा सांगते. त्या रात्रीचे दिवे शोभेसाठी नव्हते. गेलेल्या प्रकाशाची आठवण राहावी, एवढ्यासाठी ते होते. घरातील दिव्याकडेही त्याच दृष्टीने पाहता येते. किती झगमगतो यापेक्षा, त्याच्या उजेडात काय घडते हे महत्त्वाचे.

नवा दिवा लागला त्या संध्याकाळी आजींनी फळीवरचे पुस्तक काढले. खूण जेथे होती तेथेच होती. पहिल्या दिवशी अर्धे पान झाले, दुसऱ्या दिवशी एक. पूर्वीइतके वाचन आता होत नाही. मोतीबिंदू आहे, वयही आहे, आणि दिव्याने वय उतरत नाही. परंतु प्रतिक्रमणानंतर नात पुन्हा मांडीला मांडी लावून बसते. आजी थकल्या, की पुस्तक तिच्या हाती देतात आणि डोळे मिटून ऐकतात. एकदा नातीने विचारले, "आजी, तुम्ही वाचत नाही, तर दिवा माझ्याकडे वळवू का?"

"वळव," आजी म्हणाल्या. "दिवा वाचणाऱ्याकडेच असावा."